सणाचा घास

आमच्या पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रांत वर्षातून एकदा हमखास झळकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसावरचा झेंडा मिळविण्यासाठी एका काठावरून पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात, शेकडो माणसे जखमी होतात, आणि मग इंदूर-जबलपूरचे, बडोदे-हैदराबादचे आप्त विचारतात, "तुमच्याकडचे सारे सुखरूप ना?" पूर्वी हा प्रश्न पोस्टकार्डावर येई, आता फोनवर येतो. आम्हीही "सुखरूप" असे उत्तर देतो. मला मात्र दर वर्षी त्या प्रश्नासरशी एका बैलाची आठवण होते.

१९६७ सालची गोष्ट. मी तेव्हा दहा वर्षांची होते. पांढुर्ण्यापासून चार कोसांवर आमचे खेडे. घरी एकच बैलजोडी, हरण्या आणि पाखऱ्या. त्यांतला हरण्या आमच्याच गाईचा. त्याच्या जन्माच्या रात्री मी कंदील धरून आईजवळ उभी होते, म्हणून तो माझा, असा माझा हक्क होता आणि घरात तो सर्वांनी मान्यही केला होता. शेतीचे सारे काम वडील आणि आमचे सालदार मिळून पाहत. त्या सालदारांना आम्ही मुले 'मामा' म्हणत असू. माणूस अबोल, पण बैलाच्या पाठीवर नुसता हात फिरवून त्याला ताप आहे की नाही हे ते सांगत.

पोळ्याचा सोहळा ज्यांनी आमच्या भागात पाहिला असेल त्यांना तो वेगळा सांगावयास नको. आदल्या संध्याकाळी जुवाने घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळावयाचे, ते शेकावयाचे आणि उद्याच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण द्यावयाचे. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला सकाळीच बैल नदीवर धुवून येत. मग शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, नवी वेसण, नवा कासरा. दिवस कलला की गावच्या तोरणाखाली साऱ्या जोड्या उभ्या राहत, झडत्या म्हटल्या जात आणि पोळा फुटे. त्यानंतर सालदार जोडी घेऊन घरोघर फिरे. प्रत्येक दारी सुवासिनी बैलांच्या पायांवर पाणी घाली, ओवाळी, पुरणाच्या पोळीचा घास भरवी आणि सालदाराच्या हातावर बोजारा ठेवी. वर्षभर ओढणाऱ्या जनावराचा तो एक दिवस. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवावयाचे नाही, त्याला चाबूक दाखवावयाचा नाही.

मामांची एक रीत होती. बैलाने पोळीचा पहिला तुकडा घेतला की उरलेली पोळी ते हळूच काढून आपल्या टोपलीत टाकीत. बायका म्हणत, "अहो, खाऊ द्या की त्याला पोटभर!" मामा नुसते हसत. त्या वर्षीही ते टोपलीभर पोळ्या घेऊन परतले. ती टोपली त्यांनी सकाळी वाटण्यासाठी ओसरीवर ठेवली, बैलांपुढे रोजचा कडबा आणि कुटार टाकले आणि ते आपल्या घरी जेवावयास गेले.

मला त्या कुटाराचे फार वाईट वाटले. आम्ही सारी पुरणपोळी, कढी, भजी खाऊन तृप्त झालेलो, आणि ज्याचा सण त्याच्यापुढे कुटार! घरातली माणसे दमून लवकर आडवी झाली होती. मी ओसरीवरची टोपली उचलून कोठ्यात गेले आणि हरण्याला एकेक पोळी भरवू लागले. आमच्याकडची पुरणाची पोळी जाड आणि वजनदार असते. तो माझ्या तळहातावरून ती जिभेने ओढून घेई, आणि त्याच्या खरखरीत जिभेच्या स्पर्शाने मला कृतार्थ वाटे. टोपली रिकामी झाली तरी तो मान पुढे करीतच होता. तेव्हा मी कोठीतले गव्हाचे पीठ काढले, गूळ घालून कालवले आणि घमेलेभर त्याच्यापुढे ठेवले. तेही त्याने चाटूनपुसून संपविले. पाखऱ्याला मी काहीच दिले नाही. तो माझा नव्हता. हरण्याचा सण आपण खरा साजरा केला, अशा समाधानात मी झोपी गेले.

मध्यरात्रीनंतर घरात जाग झाली. कोठ्यातून दात करकर वाजविण्याचा आवाज येत होता. वडील कंदील घेऊन गेले. पाखऱ्या बसून संथपणे रवंथ करीत होता. हरण्या उभा होता, त्याचे रवंथ थांबले होते आणि डावी कूस ढोलासारखी फुगली होती. मामांना बोलावणे गेले. शेजारचे एक गृहस्थ तेल आणि बांबूची नळी घेऊन धावत आले. पण बैल मान टाकीत होता, आणि अशा जनावराच्या घशात काही ओतले तर ते फुप्फुसात उतरते, हे मामांना ठाऊक होते. त्यांनी नळी बाजूला ठेवविली. दोघेतिघे मिळून हरण्याला अंगणात हळूहळू चालवू लागले.

वडील मामांवर संतापले. "कोनाकोनाच्या दारी काय काय चारलं त्याले? बोजाऱ्यापायी दारंच मोजत बसला असशील!" मामांनी एकदाच मान वर करून पाहिले. "एकेक घासच देला, मालक," एवढेच ते म्हणाले. ओसरीवरच्या रिकाम्या टोपलीकडे त्यांचे लक्ष गेले असावे, असे मला आजही वाटते. मी दाराआड उभी होते. बोलावेसे वाटत होते, पण जीभ टाळूला चिकटली होती. एका माणसाने पंधरा वर्षे मिळविलेला विश्वास माझ्या डोळ्यांदेखत जात होता, आणि तो वाचविणारे शब्द फक्त माझ्याजवळ होते.

उजाडताच वडील सायकलीने पांढुर्ण्याला जनावरांच्या डॉक्टरांना आणावयास निघाले. गावात दारोदारी पळसाचे मेढे खोवले जात होते. पांढुर्ण्यात त्या दिवशी गोटमार. नदीकडच्या वाटा माणसांनी भरून गेलेल्या. डॉक्टरांना घेऊन वडील परतले तेव्हा दुपार टळून गेली होती. हरण्या तोवर खाली बसला होता. त्याची विष्ठा पाण्यासारखी झाली होती आणि तिला आंबट वास येत होता.

डॉक्टरांनी पिशवी उघडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "काल याने काय खाल्ले आणि किती? नेमके सांगा. औषध त्यावर ठरणार आहे."

वडील म्हणाले, "दहा-वीस घरचे घास. रीतीप्रमाणे."

डॉक्टरांनी पुन्हा विचारले, "धान्य? पीठ? नीट आठवा."

कोणी बोलले नाही. मामा हरण्याचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा मी दाराआडून पुढे झाले आणि टोपलीपासून घमेल्यापर्यंत सारे सांगून टाकले. रडत सांगितले, पण एकही पोळी लपविली नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे रागाने पाहिले नाही. ते लगेच कामाला लागले. तोंडातून नळी घालून त्यांनी पोटातला वायू मोकळा केला, पोटात सोड्याचे पाणी सोडले आणि शिरेतून सलाईन दिले. जाताना मला म्हणाले, "हे रात्रीच सांगितले असतेस, तर बरे झाले असते. पण आज सांगितलेस, हेही काही कमी नाही."

हरण्या जगला. पण महिन्याभरात त्याचे खूर दुखू लागले. तो अवघडून पाय टाकी, ओल्या रानात उभा राहीना. रब्बीच्या पेरणीला वडिलांना दुसऱ्याचा बैल मागून आणावा लागला, आणि पुढल्या वर्षी कर्ज काढून नवा घ्यावा लागला. हरण्याला मात्र त्यांनी बाजार दाखविला नाही. तो शेवटपर्यंत आमच्या कोठ्यातच राहिला. वडिलांनी मामांची क्षमा मागितल्याचे मी ऐकले नाही. त्या पिढीच्या मालकांना तशी रीत ठाऊक नव्हती. त्या दिवाळीला त्यांनी मामांना नवी धोतरजोडी दिली, आणि त्यानंतर मामांच्या शब्दावर कधी प्रश्न केला नाही.

मामांनी मला काही दिवसांनी कोठ्यात बोलावून घेतले. हरण्याच्या खुरांना ते शेक देत होते. वर न पाहताच म्हणाले, "बाई, जनावराले जीव लावा. पन त्याच्या पोटाले इचारून लावा."

हे वाक्य मी आयुष्यभर जपले आहे. त्यामागचे शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी समजले. बैलाचे पोट आपल्यासारखे नसते. त्याच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा, ज्याला कोठीपोट म्हणतात, त्यात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. तिथे कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात, आणि कडब्या-कुटारासारखा रेशाळ चारा तेच कुजवून बैलाला त्यापासून शक्ती मिळवून देतात. एक प्रकारे आपण बैलाला चारतो तेव्हा आधी या जीवांना चारीत असतो. रोज चाऱ्यावर राहणाऱ्या पोटात एकाएकी पीठ, गूळ, डाळ अशा वस्तूंचा मारा झाला म्हणजे आम्ल तयार करणारे जीवाणू भराभर वाढतात, पोट आंबते, चारा पचविणारे जीव मरू लागतात, रवंथ थांबते. अंगातले पाणी पोटाकडे ओढले जाते आणि जनावर आतून सुकते. या आजारातून जी जनावरे वाचतात, त्यांतल्या काहींच्या खुरांना पुढे सूज धरते. हरण्याचे नेमके तेच झाले होते. मामांनी हे शास्त्र वाचले नव्हते. पण दर दारी पोळीचा एकच तुकडा देऊन बाकीची टोपलीत टाकण्यात ते सारे होते. कुटार हा हरण्याचा अपमान नव्हता. तेच त्याचे पक्वान्न होते.

आता काळ पालटला. लग्न होऊन मी सौंसरला आले, त्यालाही बरीच वर्षे झाली. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. शेतांत ट्रॅक्टर आले आणि पुष्कळ घरांतल्या गव्हाणी रिकाम्या झाल्या. जनावरावर माया करण्याची आपली हौस मात्र रिकामी झाली नाही. ती आता कुत्र्या-मांजरांकडे वळली आहे. दूर शहरांत राहणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरीही एखादा मोती किंवा एखादी मनी असेलच. त्यांच्यासाठीच ही दुसरी हकीकत सांगते.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत माझा मुलगा पुण्याहून कुटुंबासह सौंसरला आला. डिसेंबरात आमच्याकडे संत्र्यांचे दिवस असतात, थंडीही छान असते, त्यामुळे मुलांना हीच सुटी आवडते. त्यांच्याबरोबर त्यांचा ब्रूनो नावाचा कुत्राही आला. छिंदवाड्यास स्वीडिश मिशनचे काम एकोणिसाव्या शतकातच सुरू झालेले असल्याने नाताळ हा सण आमच्या भागाला परका नाही. तिथल्या एका स्नेह्यांकडून दर वर्षी आमच्या घरी नाताळचा केक येतो, जसा आमच्याकडून त्यांच्या घरी दिवाळीचा फराळ जातो. मनुका-बेदाण्यांनी गच्च भरलेला तो केक आम्ही सर्वांनी खाल्ला आणि उरलेला अर्धा जाळीच्या कपाटात ठेवला.

रात्री पाणी पिण्यास उठले तर नऊ वर्षांची नात ओसरीवर अंधारात बसलेली. ब्रूनो तिच्या पायाशी आडवा, मिशांवर केकचा चुरा. मी विचारले, "झोप नाही का येत?" ती काही बोलली नाही. ती न बोलणारी मुद्रा मी ओळखली. ती साठ वर्षांपूर्वीच्या दाराआडची होती.

मी तिच्याशेजारी बसले आणि तिला हरण्याची गोष्ट सांगितली. थोडक्यात, पण काही न लपविता. गोष्ट संपण्यापूर्वीच ती म्हणाली, "आजी, मी त्याला सगळा केक दिला. त्याचाही ख्रिसमस असतो ना?"

मुलाला उठविले. त्याने पुण्याच्या पशुवैद्यांना फोन लावला. पलीकडून प्रश्न तोच आला, जो १९६७ साली आमच्या अंगणात विचारला गेला होता: काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले? या वेळी उत्तर तयार होते. अर्धा केक, भरपूर मनुका, अर्ध्या तासापूर्वी. "घरी मिठाचे पाणी वगैरे पाजून ओकारी काढू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या," असे त्यांनी सांगितले. नागपूर आमच्यापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. मुलगा आणि सून त्याच रात्री गाडीने निघाले. तिथे औषध देऊन ब्रूनोचे पोट रिकामे केले, सलाईन लावले आणि पुढले दोन-तीन दिवस रक्त तपासून मूत्रपिंडे शाबूत आहेत याची खात्री करून घेतली. तो आज ठणठणीत आहे.

मनुकांनी कुत्र्याला विषबाधा होते हे मला स्वतःला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हते. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ले म्हणजे बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही न देणे हाच मार्ग. त्यांतले टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे, असे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ साली मांडले. तेच आम्ल चिंचेतही असते, म्हणून चिंचेचे सार वा आमटीही कुत्र्यापुढे ठेवू नये. चॉकलेट कुत्र्याच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला अपाय करते, आणि ते जितके काळे व कडू, तितके अधिक घातक. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात, मग तो कच्चा असो की रश्श्यातला. शिजविलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतडी फाटतात. साखर नसलेल्या काही मिठायांत आणि च्युइंगमात झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो थोडाही पोटात गेला तरी कुत्र्याची रक्तशर्करा एकदम खाली येते. शिरा, लाडू, रश्श्याचा वाडगा, केक, आपल्या सणाच्या ताटातले बहुतेक पदार्थ या यादीत कुठे ना कुठे सापडतात.

दारी येणाऱ्या गाईचेही तेच. सणानंतर उरलेसुरले अन्न आपण पुण्य म्हणून तिच्यापुढे ओततो, कधी प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. ते अन्न तिच्या पोटात आंबते, आणि पिशवी तर बाहेरच पडत नाही, वर्षानुवर्षे कोठीपोटात साठत राहते. त्यापेक्षा एक पेंढी हिरवा चारा द्यावा, पुण्य कमी पडणार नाही.

सुटीत गावाला जाताना मुके जनावर शेजाऱ्यांकडे किंवा नातलगांकडे ठेवण्याची वेळ येते. तेव्हा त्याचे रोजचेच अन्न मोजून सोबत द्यावे, वेळ आणि माप कागदावर लिहून द्यावे, पशुवैद्यांचा फोन क्रमांक त्याखाली लिहावा, आणि "पाहुणा म्हणून काही गोडधोड देऊ नका" हे संकोच न करता सांगावे. फटाक्यांच्या रात्री, मग ती दिवाळीची असो की ३१ डिसेंबरची, त्याला आतल्या खोलीत, ओळखीच्या माणसाजवळ असू द्यावे. आणि चुकून काही खाल्लेच, तर घरातल्या लहानांनी ते न घाबरता सांगावे, इतका मोकळेपणा घरात असावा. माझ्या मते सर्वांत मोठी काळजी हीच. मुक्या जनावराला स्वतःचे सांगता येत नाही. त्याच्या वतीने जो खरे बोलू शकतो तोच भीतीने गप्प राहिला, तर डॉक्टरांची पिशवी काय करणार?

गेल्या पोळ्याला नात मुद्दाम सौंसरला आली होती. आमच्या आळीत आता एकच बैलजोडी उरली आहे. ती दारी आली तेव्हा मी पायांवर पाणी घातले, ओवाळले आणि पोळीचे ताट नातीच्या हाती दिले. तिने पोळीचा एक लहानसा तुकडा मोडून बैलाच्या तोंडाशी धरला आणि बाकीची पोळी ताटातच ठेवली. मग कासरा धरलेल्या माणसाला तिने विचारले, "काका, यानं आज किती घरी खाल्लं?"

तो माणूस हसला. म्हणाला, "तुमी इचारलं, बाई. कोनी इचारत नाही."

मी कोपऱ्यात ठेवलेली हिरव्या चाऱ्याची पेंढी उचलली आणि जोडीपुढे टाकली.